जंतूंना दिलेला गूळ

गुऱ्हाळामागच्या ओल्या चिपाडांच्या ढिगात हात घातला की चटका बसायचा. ऊस पिळून उरलेली ती चिपाडं आतल्या आत तापायची. ऐंशीच्या दशकात मी कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते, आणि असल्या उष्णतेत सुखानं नांदणारे जंतू मला हवे होते. म्हणून आबांकडं गेले. आबा म्हणजे माझे वडील, गुळव्या; रस आटवून गूळ करणारे. पाक कधी उतरवायचा ते त्यांच्या बोटांना कळायचं.

मी डब्यात चिपाडं भरली. आबांनी वर गुळाचा खडा ठेवला.

"ह्यो कुणाला?"

"तुज्या जंतूंस्नी. गुऱ्हाळावरनं कुणी तोंड गोड केल्याबिगार जात न्हाय."

मी खुळी! खरंच घातला की त्यांना. साठ अंशांवर नुसते फोफावले! पण चिपाडं पचवायला ते जे विकर बनवतात, ज्यावर माझा सगळा प्रबंध उभा होता, ते शून्य. माझे मार्गदर्शक सर हसले. "आयता गूळ मिळतोय, मग चिपाडांच्या मागं कोण लागेल? ते विकर बनवणारी जनुकं त्यांनी बंद ठेवलीत. शक्ती वाया घालवत नाहीत ते."

तीन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. मी तशी फटकळच. तडक गुऱ्हाळ गाठलं आणि चार माणसांत आबांवर खेकसले, "तुमच्या गुळानं माझं वाटोळं केलं!" त्यांच्या गुळाला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती.

"चुकलं बाई माजं," एवढंच म्हणाले. पुढच्या आठवड्यात दूधवाल्याबरोबर धुतलेल्या फडक्यात बांधलेली चिपाडं आली. गूळ नव्हता.

नंतर सरांनी दोन बाटल्या शेजारी ठेवायला लावल्या. दोन्हींत चिपाडं, एकीत वर आबांचा गूळ. गूळ होता तोवर विकर नाही. गूळ संपला आणि जनुकं चालू झाली. प्रबंधात तेच प्रकरण सगळ्यात मोलाचं ठरलं.

पदवी मिळाल्यावर पेढे घेऊन गुऱ्हाळावर गेले. आबा सगळ्यांच्या हातावर गरम गूळ ठेवत होते. माझ्यापाशी येऊन थबकले.

"तुला चालंल न्हवं?"

मी हसून हात पुढं केला, खाल्ला. त्या गुळानं काय साधलं ते सांगू सावकाश, मनात म्हटलं. मग नोकरी, परगाव, आणि एका पावसाळ्यात आबा गेले.

आबा, फार आठवण येते हो तुमची. काही चुकलं नव्हतं तुमचं. तुमच्या गुळानंच मला पदवी मिळाली.