आधी दोष, मग भाव

आमच्या कोपऱ्यावरचे टॉवेलवाले काका टॉवेल उलगडला की आधी सुटलेला धागा दाखवतात, मग भाव सांगतात. त्यांनी आपली हॉलिडे क्लबची मेंबरशिप विकायला काढली आहे, हे कळल्यावर ते ती कशी विकतात ते बघायची मला फार उत्सुकता होती. काल माझ्यासमोरच गिऱ्हाईक आलं.

काका त्याला म्हणाले, "पायजे ती तारीख मिळत न्हाय. तुमी गेला न्हाय तरी वर्षाची फी भरायला लागती. आता बोला, काय देता?"

गिऱ्हाईक चहा पिऊन गेलं.

"असं सांगितल्यावर कोण घेईल, काका?" मी विचारलं.

टॉवेलाची घडी घालत ते म्हणाले, "मला इकणाऱ्यानं एकबी दोष दाखवला न्हवता. तवाच उठून यायला पायजे होतं की."