सरांचा पहिला खुबा

हाडांच्या वॉर्डात पेशंट महिनोन्‌महिने पडून असतात. बोलण्याशिवाय त्यांना काम नाही आणि ऐकण्यावाचून आमची सुटका नाही. मग किस्से साचणारच! सत्तरच्या दशकात मी सोलापुरात ज्युनियर डॉक्टर होतो, तेव्हाचे हे.

*

आमचे सर विलायतेहून येताना खुब्याचा कृत्रिम सांधा घेऊन आले. तो त्यांच्या कपाटात. येईल त्याला चहा आणि सांध्याचं दर्शन!

मोहोळचे एक सरपंच निरखून म्हणाले, "सायेब, ह्ये माणसात बसवायचं हाय का कपाटातच ऱ्हानार?"

सर आठवडाभर फुरंगटून होते.

*

मग पेशंटचा शोध सुरू झाला. अट एकच, खुब्याला पूर्वी टीबी झालेला नको. नवा सांधा बसवला की झोपलेला रोग पुन्हा उठायची भीती. म्हणून राउंडवर सर खणखणीत आवाजात विचारत, "लहानपणी टीबी?"

अख्खा वॉर्ड ऐके. त्यामुळे टीबी कुणालाच नसे! सगळे झाडावरून पडलेले. सोलापुरात एवढी झाडं होती कुठं?

*

राजव्वा त्यातलीच. विड्या वळायची. एक खुबा ताठ, मांडी घालता येईना.

"विड्यांचं सूप मांडीवर घिऊन बसता आलं की बास," एवढंच तिचं मागणं. सासूसमोर विचारल्यावर तीही झाडावरूनच पडली.

*

सिस्टरना तिच्या जांघेत जुना व्रण दिसला. "सर, इथून कधीतरी पू वाहिलाय, टीबीत वाहतो तसा. तिला एकटीला विचारा."

"सिस्टर, विलायतेत तुम्ही होता की मी?"

एक्स-रेत सांधा कुरतडल्यासारखा दिसत होता. सर म्हणाले, "जुना मार!" मीही मान डोलावली. त्याची मला आजही लाज वाटते.

*

ऑपरेशनच्या दिवशी बाहेर पेपरचा बातमीदारसुद्धा हजर! सर ग्लोव्हज चढवून तयार. भूल द्यायच्या आधी सिस्टर राजव्वाच्या कानाशी वाकल्या. "इथं सासूबाई नाहीत हं."

राजव्वानं दाराकडे पाहिलं. "त्यो रोग झालता, सायेब. लई सुया घेतल्या म्हायेरी. लगीन मोडंल म्हनून आई बोलली न्हाय. सासूला सांगू नगा, घालवून दील मला."

सर ग्लोव्हज उतरवून बाहेर आले. दाराशीच सासू उभी.

"का वो, केलं न्हाय?"

सर घुटमळले. मग म्हणाले, "वीज गेली."

डोक्यावर बल्ब लखलखत होता. सासूनं बल्बकडे बघितलं, मग सरांकडे.

"व्हय की," ती म्हणाली, "हितं लई जाती."