सॅम्पलचं खोकं नेसरीला गेलं

रद्दी निदान रद्दीवाला नेतो. माझ्या सुनेच्या ऑफिसातल्या गोष्टी कोण नेणार? साठतच चालल्यात. वैशालीचं ऑफिस शाहूपुरीत, दोन खुर्च्यांचं. परदेशातून आलेला माल बंदरातून सोडवायची कागदं ती करते. मी दुपारचा डबा घेऊन जाते आणि संध्याकाळपर्यंत हलत नाही.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "तू करतीस काय नेमकं?"

"आत्ती, सरकारचं एक जाडजूड पुस्तक हाय. जगातल्या प्रत्येक वस्तूला त्यात नंबर हाय. आलेल्या मालाचा नंबर शोधायचा, त्यावर कर ठरतो."

"शेणीला हाय?"

ती हसली. मग तिनं पुस्तक उघडलं. अर्ध्या तासानं मान वर केली. "जाळायची का शेतात टाकायची, त्यावर हाय."

तेव्हापासून मी तिला नुसती सून म्हणून बघत नाही.

*

तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे गुळाचे व्यापारी अप्पा. जुनं जैन घराणं, मुंगीलाही वाट देणारा माणूस. दिवाळीच्या गुळासाठी त्यांनी परदेशातून चकचकीत पुठ्ठ्याची खोकी मागवली.

मी म्हटलं, "गूळ आपला आणि खोकी परदेशातली व्हय?"

"आक्का, हल्ली गूळ कोण बघतंय? खोकं बघून घेत्यात."

"मग आत गूळ तरी कशाला भरता?"

अप्पा वैशालीला म्हणाले, "डबा मिळाला की ह्यांना घरी पाठवत जा."

*

खोक्यांतही जाती असतात, हे मला तिथं कळलं. दोन कागदांच्या मधे लाटालाटांचा कागद असेल तर एक नंबर, सपाट पुठ्ठा असेल तर दुसरा. वैशालीनं माझी परीक्षा घ्यायला पाच खोकी मांडली. कांद्याखाली पुठ्ठे अंथरण्यात माझा जन्म गेला. मी अंगठ्यानं दाबून पाचही सांगितली.

"चौथं चुकलं, आत्ती."

"फाडून बघ."

तिनं फाडलं. आत लाटा. तिनं चहा सांगितला.

*

अप्पांच्या खोक्यांना तिनं लाटांचाच नंबर लावला. लाटा इतक्या बारीक, की वरून पुठ्ठा सपाटच दिसायचा. कस्टमचा प्रश्न आला: हे सपाट दिसतं, सिद्ध करा. परवा व्हिडिओवर सुनावणी.

अप्पा येऊन बसले. आवाज चढवला नाही, त्याचीच भीती वाटली. "पोरी, दिवाळी तोंडावर हाय. खोकी अडकली तर पुढचं काम मी दुसरीकडं दीन." नोकरी सोडून तिनं हे ऑफिस थाटलं होतं, आणि निम्मं ऑफिस अप्पांच्या कामावर चालायचं.

"काळजी करू नका, अप्पा. सॅम्पलचं एक खोकं आपल्याकडं हाय," असं म्हणून तिनं कपाट उघडलं.

कपाटात खोकं नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी मी त्यात लाडू भरून लेकीला नेसरीला पाठवले होते.

*

लेकीच्या सासूला, म्हणजे विहीणबाईंना, मी फोन लावला. "खोकं हाय न्हवं?"

"हाय की. त्यात कोंबडी खुडूक बसलीया."

"उठवा तिला. कस्टमच्या साहेबाला खोकं दाखवायचंय."

"अंडी गार पडतील. तुमच्या साहेबालाच हिकडं बोलवा."

*

सुनावणीच्या दिवशी आम्ही नेसरीत. वैशालीनं खोक्यासमोर फोन धरला. पडद्यावरचा साहेब चष्मा पुसून म्हणाला, "मॅडम, यह क्या है?"

"सॅम्पल, सर."

"और ऊपर?"

विहीणबाई मधेच म्हणाल्या, "नऊ दिस झाल्यात बसून. हळू बोला म्हणावं."

वैशालीनं हात घालून खोक्याची कड फाडली. कोंबडीनं तिच्या मनगटाला टोचलं, पण तिनं कड सोडली नाही, फोनजवळ नेली. बारीक बारीक लाटा स्वच्छ दिसल्या. साहेब हळू आवाजात म्हणाला, "ठीक है. रहने दीजिए उसको."

तिसऱ्या दिवशी खोकी सुटली. अप्पा पेढे घेऊन आले. सगळं ऐकून घेतलं.

"पुढच्या वर्षीची खोकीबी तुझ्याकडंच," ते वैशालीला म्हणाले. "पण एक अट. त्या कोंबडीला कुणी कापायचं न्हाई."

विहीणबाईंनी फोनवर कबूल केलं. आता दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. "इहीणबाई, अप्पांचं काम अजून तुमच्याकडंच हाय न्हवं?"