आजींची उजवी टाच

“उजवा पाय घ्या बाई, डावा लई रडका हाय.”

कळंबच्या हाडांच्या तपासणी शिबिरात मी आईसोबत गेले होते. रांगेत तिच्या पुढे एक आजी होत्या. मशीनमध्ये टाच ठेवली की हाडं ठिसूळ झालीत का याचा अंदाज येतो आणि शंका वाटली तर मोठ्या स्कॅनला पाठवतात. आजींना मात्र ही परीक्षाच वाटत होती. त्यांनी उजवी टाच पदरानं घासून चकचकीत केली होती.

“कुठलाबी चालतो, आजी,” म्हणत मशीनवाली टाचेला लावायचं जेल आणायला उठली.

तेवढ्यात आजी माझ्याकडे झुकल्या. “पोरी, हाड कच्चं निघालं तर पोरगा शेळ्या इकतोय बघ. घरात बसून म्या काय करू? तुझा कवळा पाय ठेव की माझ्या जागी.”

अनोळखी माणसांशी मला बोलता येत नाही, आणि नाही म्हणणं तर त्याहून अवघड. आजी तोवर माझ्या सँडलचा पट्टा सोडवू लागल्या. डोळे मिश्कील होते.

पाय मागे घेत मी एकदाची बोलले, “आजी, माझा पाय पास झाला तरी शेळ्यांमागं तुमचाच धावणार आहे. तोच ठेवा.”