तोडीतला पंचम

माझ्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवून दिली ती पिपाणी आण्णांनी. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढं त्यांच्या संशयी स्वभावाबद्दलच बरंच लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको.

मी हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली. गावातल्या एका मावशीच्या ओळखीनं कोल्हापुरात चपलांच्या कारखान्यात आले. चामड्याच्या वेण्या घालायच्या आणि रापीनं चामडं तासून पातळ करायचं, हे माझं काम. मावशी महिन्याभरात गावी परत गेली. एकट्या पोरीला खोली द्यायला कुणी तयार होईना. कसबा बावड्यात आण्णांनी दिली, पण आधी तासभर चौकशी केली. गाव कुठलं, वडील काय करतात, शाळा का सोडली. आठ दिवसांनी तेच प्रश्न उलटसुलट करून पुन्हा विचारले, मी काही वेगळं सांगते का ते बघायला. मला नावानं हाक कधीच मारली नाही. "ए हिंगोली" म्हणायचे. "नाव काय, कायबी सांगता येतंय की," हे त्यांचं कारण.

मीही त्यांच्यावर कमी संशय घेतला नाही. सत्तरीचा माणूस, घरात कानानं अधू असलेली थोरली बहीण, अक्का. जिला कुणीच खोली देत नाही तिला हा का देतो? दाराला आतून कडी नव्हती, म्हणून झोपताना मी पत्र्याची ट्रंक ओढून दाराशी लावायची. तिसऱ्या दिवशी सकाळी आण्णा पेचकस घेऊन दारात उभे. "रोज ट्रंक वडतीस. फरशीवर वरखाडं उठल्यात," म्हणाले. पितळेची जाड कडी बसवली, मला आतून लावायला सांगितली आणि बाहेरून स्वतः खांदा देऊन दार ढकलून बघितलं. दार हललं नाही. "झ्याक!" बाहेरून आवाज आला. "आता माज्यावर बी विश्वास ठेवायला नगं."

तोवर सगळे मला सांगायचे, उगाच घाबरतेस. माझी भीती खरी धरून तिच्यासाठी सहा स्क्रू मारणारा हा पहिला माणूस. ती खोली माझ्याकडून जाऊ नये, एवढीच काळजी मग मला दिवसरात्र असायची.

पिपाणी आण्णा हे गल्लीनं ठेवलेलं नाव. ते वाजवायचे सॅक्सोफोन. तरुणपणी हातकणंगल्यात लग्नाच्या बँडमध्ये होते. तिथं एका गवयानं त्यांना ऐकलं आणि शिष्य केलं. ख्याल गळ्यातून निघतो तसा पितळेच्या नळीतून काढायला आण्णा बारा वर्षं शिकले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड या वाद्यात निघत नाही म्हणतात. ते ओठ सैल-घट्ट करून ती काढायचे. मैफली मिळू लागल्या. "वरातीचं वाद्य बैठकीत" म्हणून हसणारेही शेवटी मान डोलवायचे, असं अक्का सांगायची.

मी राहायला गेले तेव्हा मात्र ते फक्त बंद दाराआड वाजवत. वाद्याच्या पेटीला दोन कुलपं, शिवाय साखळीनं ती कॉटच्या पायाला बांधलेली. झाकणाच्या फटीत एक तीळ ठेवायचे. तीळ पडला तर कुणीतरी पेटी उघडली. तोंडाशी लावायच्या रीडवर बॉलपेनानं बारीक खुणा. एकदा झाडताना माझा केरसुणीचा फटका पेटीला लागला आणि तीळ पडला. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात गुळाच्या चहाचा कप ठेवलेला. रियाजाआधी ते स्वतः तोच चहा प्यायचे, बिनदुधाचा, दाट. "गळा उघडतोय," म्हणायचे.

हे असं का, ते अक्कानं सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी शहरातल्याच एका सकाळच्या मैफलीत आण्णा गुर्जरी तोडी वाजवायला बसले. या रागात पंचम अजिबात लागत नाही. आण्णांनी कोमल धैवताची किल्ली दाबली. ती हलली, पण तिच्याखालचं भोक काही उघडलं नाही, आणि भरल्या सभेत त्याच्या खालचा सूर, पंचमच वाजला. पुन्हा दाबली, पुन्हा पंचम. मागून कुणीतरी म्हणालं, "वरात आली!" पहिल्या रांगेतले गुरुजी उठून गेले. त्यानंतर आण्णांनी मैफल कधीच केली नाही. त्या दिवशी सूर लावून झाल्यावर, आधीचं गाणं संपेपर्यंत, वाद्य तासभर तबलजी बापूंच्या शेजारी पडून होतं. बापू त्यांचे लहानपणचे मित्र. त्यांनीच जळून डिंक लावला, असं आण्णांनी ठरवलं आणि बोलणं तोडलं.

मी खोलीवर आणलेलं रापीचं काम ते वर्षभर खिडकीतून बघत होते. एके दिवशी म्हणाले, "हिंगोली, पॅड बदलशील?" सॅक्सोफोनच्या प्रत्येक भोकावर झाकण असतं, त्याच्या आत बकऱ्याच्या पातळ चामड्याची चकती, तेच पॅड. "दुरुस्तीवाल्याकडं न्हाय देणार. चांगलं काढून घेतात." कुलपं उघडली. हातात बॅटरी घेऊन माझ्यासमोर बसले. वाद्य बिघडलं की खोली गेली.

धैवताचं पॅड सुटेना. रापीचं टोक घालून सोडवलं, तर चिकट, आणि कडेला दोन मेलेल्या लाल मुंग्या. कारखान्यात गूळ-शेंगदाणे खाल्लेल्या हातानं चामड्याला शिवलं की आमचे मिस्त्री ओरडतात, कारण सकाळपर्यंत मुंग्या लागतात. मी बोट जिभेला लावलं. गोड. फुंकताना तोंडातला ओलावा नळीत उतरतो. त्याबरोबर चहातला गूळ उतरत होता आणि वाद्य पडून राहिलं की वाळून चिकटत होता.

बोलू की नको? गप्प पॅड बदललं असतं तर खोली पक्की होती. पण बापू डोळ्यांपुढं आले, कधी न पाहिलेले. "आण्णा, हा डिंक नाही. गूळ आहे," मी म्हणाले. "तुमच्या चहातला."

आण्णांनी बॅटरी विझवली. "बापूनं धाडलीय व्हय तुला?"

"मी त्यांना बघितलेलंही नाही, आण्णा."

"वर्षभर गोड बोलून शेवटी ह्याच्यासाठी हात घातलास व्हय पेटीला! रविवारपातूर खोली रिकामी कर."

मी पॅड पुसून जागच्या जागी बसवलं आणि ट्रंक भरली. चार दिवस पलीकडून चहाचा वास आला नाही, पण रियाज रोज झाला, स्वच्छ. शनिवारी सकाळी गूळ उकळल्याचा वास आला. थोडं वाजलं, मग तासभर शांत. मग गुर्जरी तोडी सुरू झाली. सूर चढत गेले आणि धैवताच्या जागी मधेच पंचम वाजला. मोठ्ठा, उघडा. आण्णा थांबले. पुन्हा तीच जागा, पुन्हा पंचम. तिसऱ्यांदाही.

मग माझ्या दारावर थाप. "हिंगोली, कडी काढ. ट्रंक जाग्यावर ठेव. हातकणंगल्याला जायाचंय."

"मी कशाला, आण्णा?"

"साक्षीदार नगं?"

हातकणंगल्यात बापू घरच्या गोठ्यात म्हशीची धार काढत होते. आण्णा गोठ्याच्या दारात पेटी छातीशी धरून उभे राहिले. "बापू, गूळ हुता. तू न्हवतास."

बापूंनी धार पुरी होईपर्यंत वर बघितलं नाही. मग म्हणाले, "आण्ण्या, त्या दिवशी गुळाचा च्या मीच पाजलाता की तुला. म्हंजी निम्मा संशय बरूबरच हुता तुजा." आणि माझ्याकडं वळून, "बसा पावणं. ह्यो काय स्वतःहून बसा म्हणणार न्हाय." आण्णा पेटीवरच बसले. त्यांचे खांदे हलत होते. हसतायत की रडतायत ते मला कळलं नाही. बापूंना कळलं असावं, कारण ते पुन्हा म्हशीकडं वळले.

गेल्या वर्षी कारखान्यानं मला पुण्याच्या दुकानावर पाठवलं. निघताना आण्णांनी दाराची कडी सोडवली आणि कागदात गुंडाळून दिली. "पुण्यातल्या दाराला लाव. सहा स्क्रू हायत. मोजून घे." मी मोजले. सहा होते. त्यांना बरं वाटलं.

आण्णांचा दम आता लवकर जातो, असं अक्का फोनवर ओरडून सांगते. लोकांपुढं त्यांनी अजून वाजवलेलं नाही. म्हणून मी सुट्टीच्या दिवशी चामडं तासत बसते, कागदाइतकं पातळ होईस्तोवर. आण्णा, तुमच्या वाद्याची सगळी पॅडं एक दिवस मी माझ्या हातानं बदलीन. कोल्हापुरातच एका सकाळी तुम्हाला बसवीन, तबल्यावर बापूंना, आणि गुर्जरी तोडी पहिल्यापासून शेवटपर्यंत होईल. त्या दिवशी तुम्हाला कुणी काहीही प्यायला दिलं तर आधी मी चाखून बघीन. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका. पॅडं मोजून घ्या.