ठवणीवरचा तिसरा भाग

नालवाडीत सुमित्राबाईंच्या पोथीला बसायचं म्हणजे बायका दुपारची भांडी जरा लवकरच उरकत. सुमित्राबाईंचे यजमान डोमाजी त्या वेळी आपल्या किराणा दुकानात असत, त्यामुळे समोरची खोली मोकळी. सतरंजी पसरली, समई लागली, की सुमित्राबाई मांडी घालून बसत. गळा गोड. राक्षस आला की आवाज जाड व्हायचा, भक्तावर संकट आलं की कापरा. "सुमित्राबाईच्या तोंडून ऐकलं की देव अंगनात आल्यावानी वाटते," असं शेजारची भागाबाई एकदा सहज बोलून गेली. नम्रतेवरचे अध्याय घडाघड वाचणाऱ्या सुमित्राबाईंनी ते वाक्य मनात फार जपून ठेवलं होतं.

विज्ञानाच्या कादंबऱ्या या घरात रद्दीतून आल्या. दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची, तिच्यात एक अर्धं कव्हर फाटलेलं पुस्तक निघालं. तांबड्या चंद्रावर वस्ती करायला गेलेल्या माणसांची गोष्ट, पुण्याकडच्या कुणा लेखकाची, तीन भागांतला पहिला भाग. त्या वर्षीची पोथी संपली होती, तरी बायका सवयीनं येऊन बसल्या होत्या. रिकाम्या हातानं कशा पाठवायच्या म्हणून सुमित्राबाईंनी ते पुस्तक काढलं. आणि हाताला वळण पडलेलं असल्यामुळे ते ठवणीवर, म्हणजे पोथी ठेवायच्या लाकडी घोडीवर ठेवलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि मग वाचायला सुरुवात केली.

चूक झाली ती इथे. हळदकुंकू वाहिल्यावर कादंबरी कादंबरी राहत नाही. तिचे अध्याय झाले, अध्यायाला फुटाण्यांचा प्रसाद आला, आणि पोथीचे सगळे नियम तिला आपोआप लागू झाले.

गोष्टीत रेवती नावाची पोर होती. सासर सोडून यानात बसून निघाली होती, आणि चंद्रावर तिचं तान्हं लेकरू लोखंडाचा नोकर सांभाळत होता. बायकांनी पदर ओले केले. भागाबाईला मात्र एक शंका छळत होती.

"ते चंद्रावरच राह्यते, तं चतुर्थीले चंद्र पाह्यते कुठचा?"

"पाह्यतच नसन," समोरच्या घरातली तानाबाई म्हणाली.

"म्हंजे उपाशीच राह्यत असन बिचारी."

त्या दिवशी सगळ्यांनी रेवतीसाठी हळहळ केली. दुसरा भाग डोमाजींनी वर्ध्याहून आणून दिला, पण टोमणे मारायचं सोडलं नाही. "तांबड्या चंद्रावर मीठ-मिरची कोन पोचवते, ते लिव्हलं का त्यात?" ते लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या भागाच्या शेवटी लेकरू हरवलं, रेवती त्याला शोधत एका गुहेत शिरली, आणि तिच्यामागे दार बंद झालं. तिसरा भाग लवकरच, असं खाली छापलं होतं.

लेखकाचं लवकर आणि नालवाडीचं लवकर यांत बराच फरक निघाला. मधल्या वर्षांत गल्लीत केबल आली. पहिला रंगीत टीव्ही तानाबाईच्या घरी लागला, आणि दुपारची सिरियल नेमकी सुमित्राबाईंच्या वेळेला. चातुर्मासात बायका येत, पण एक कान रस्त्यापलीकडे ठेवून. चातुर्मास संपला की सतरंजीवर भागाबाई आणि तिची सून अंजू, एवढ्याच. "पोथी काय, घरातच हाये. सिरियल निंगून जाते," तानाबाई म्हणायची, आणि तिच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती. सुमित्राबाई घरच्यांना सांगत, की मला काही वाटत नाही, ज्याची त्याची भक्ती. आणि त्या रात्री वरणात मीठ पडायचं राहून जायचं.

मग एकदाचा तिसरा भाग आला. सुमित्राबाईंनी गल्लीत निरोप धाडला, की गुहेचं दार उद्या उघडणार. दुसऱ्या दिवशी खोली भरली. तानाबाईसुद्धा टीव्ही बंद करून आली आणि उंबऱ्याजवळ बसली, उठायला सोपं पडेल अशी. सुमित्राबाईंना वाटलं, आता बघू कोण उठतं.

हळदकुंकू झालं. पहिल्या अध्यायात एक इंजिनियर आला. दुसऱ्या अध्यायात त्यानं यानाच्या इंधनाचा हिशेब केला. तिसऱ्यात तो चुकला म्हणून चौथ्यात पुन्हा केला. गुहा नाही, दार नाही, लेकरू नाही. सुमित्राबाईंनी इंधनालाही कापरा आवाज लावून पाहिला. आणि मग एका लांबलचक वाक्याच्या पोटात, दोन आकड्यांच्या मधे, आलं की रेवतीचा मृत्यू पूर्वीच झाला होता.

मग भागाबाई म्हणाली, "कोन मेलं?"

"रेवती."

"कवा?"

"पूर्वीच, असं लिहिलंय."

"तेरवी नाई, सांगावा नाई, काईच नाई? कुत्रं मेलं तरी मानूस दोन शब्द बोलते."

"या लेखकाले लेक नसन," कुणीतरी म्हणालं.

"बायको बी नसन. असती तं असं लिव्हू देल्लं असतं का तिनं?" तानाबाई म्हणाली. "आमच्या सिरियलमधे पाहा. मेलेले वापस येते. आन इथं जितीजागती पोर एका ओळीत मारून टाकली."

हसायचं की चिडायचं, ते कुणाला ठरवता येईना. सुमित्राबाईंनी पाहिलं ते वेगळंच. भागाबाईनं भिंतीला पाठ टेकली होती. तानाबाईनं जांभई दिली होती, आणि तोंडावर हात धरायचे कष्टही घेतले नव्हते. उद्या ही खोली रिकामी, त्यांना वाटलं, आणि माझ्या गळ्याची किंमत तेवढीच.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक ठवणीवर ठेवलं, नजर पानावर ठेवली, आणि पानात नसलेलं वाचायला लागल्या. रेवती मेली ही बातमी खोटी होती. ती इंजिनियरच्या दुष्ट साहेबानं पसरवली होती. गुहेत आत उजेड होता आणि पाणी होतं. सुमित्राबाई वेळेवर पानं उलटत, अडखळल्यासारखं करून ओळ पुन्हा वाचत. बायका पुढे सरकून बसल्या. तानाबाई उंबरा सोडून समईजवळ आली. "आता कसा रंगला ग्रंथ," ती म्हणाली. सुमित्राबाई संध्याकाळी देवापुढे बसल्या तेव्हा देवाकडे नीट बघवत नव्हतं, पण खोली भरली होती, हेही तितकंच खरं.

लेकरू सापडायच्या बेतात असताना त्यांचा घसा बसला. नुसती हवा निघू लागली. आता खंड पडणार, तर भागाबाईनं आपल्या सुनेला पुढे ढकललं. अंजू बारावी शिकलेली. "तू वाचजो. खाडा नाई पडला पायजे." सुमित्राबाई हातवारे करून नको नको म्हणत होत्या, तो बायकांना विनय वाटला.

अंजूनं पान पाहिलं. मागचं पाहिलं. पुढचं पाहिलं.

"काकू, इथं रेवती कुठं हाये? इथं तं तो इंजिनियर टाकी मोजून राह्यला."

सुमित्राबाईंना घसा बसल्याचा एवढा आनंद कधी झाला नव्हता. बोलावं लागलं नाही. सगळ्या जणी त्यांच्याकडे पाहत होत्या, आणि अंजू, गुणाची पोर, अध्यायामागून अध्याय चाळून सांगत होती, की गुहा नाही, उजेड नाही, पाणी नाही.

"म्हंजे तुमीच बनवून राह्यल्या होत्या?" तानाबाईनं विचारलं.

सुमित्राबाईंनी होकारार्थी मान हलवली.

"काऊन?"

त्यांनी कसंबसं कुजबुजून सांगितलं. "तुम्ही उठून गेला असता."

तानाबाईला हे खरंच लागलं. "उठून जाऊ? हळदकुंकू वाह्यलेलं अर्ध्यात सोडून? आमाले काय धर्म नाई?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. ग्रंथ कंटाळवाणा आहे म्हणून कुणी उठतं का? चांगले चांगले ग्रंथ कंटाळवाणे असतात. सुमित्राबाईंनी ज्या भीतीपायी पाप केलं, तिला मुळात पायाच नव्हता. बायका त्यांच्या गळ्यासाठी बसल्याच नव्हत्या. चिमूटभर कुंकवानं त्यांना बांधून ठेवलं होतं. हे ऐकून त्यांना हायसं वाटायला हवं होतं.

निवाडा भागाबाईनं केला. पोथीतलं अक्षर बदललं, तर पारायण पहिल्यापासून. छापलं असेल तसं.

घसा सुटल्यावर सुमित्राबाईंनी तिसरा भाग पहिल्या पानापासून वाचला. टाक्या, हिशेब, चुकलेले हिशेब. रेवती पुन्हा एका ओळीत मेली. एकही बाई उठली नाही. मात्र रोज प्रसाद तोंडात टाकल्यावर लेखकाचा उद्धार व्हायचा. भागाबाईचं मत पडलं, की याची पहिली दोन पुस्तकं याच्या आईनं लिहिली असणार. शेवटच्या पानावर लेखकानं वाचकांचे अभिप्राय मागवले होते. ते गल्लीतच राहिले, हे त्याचं पूर्वपुण्य. उद्यापनाला शिरा झाला. "साखर कमी टाकजो," तानाबाई म्हणाली, "पुस्तकाच्या हिशोबानं." डोमाजींनी दोनदा मागून खाल्ला आणि ग्रंथ उत्तम असल्याचं सांगितलं.

उद्यापन झालं की नियम सुटतो. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणालाही यायचं कारण नव्हतं. सुमित्राबाईंनी ठवणी मिटून फडताळात ठेवली, सतरंजीही पसरली नाही, आणि सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या. पलीकडून सिरियलचं गाणं ऐकू आलं. मग ते मधेच तुटलं. वीज गेली होती.

थोड्या वेळानं तानाबाई पदरानं वारा घेत उंबऱ्यात आली. "लाइट गेली म्हून आली," ती म्हणाली, आणि भुईवरच बसली. सूप आपल्याकडे ओढून खडे वेचायला लागली. मागून भागाबाई आली, अंजू आली. कुणी पोथीचं नाव काढलं नाही.

तानाबाईनं एक खडा बाहेर फेकला. "मंग? ते लेकरू सापडलं का नाई?"

"कोणतं?" सुमित्राबाईंनी विचारलं, जसं काही घरात दहा लेकरं हरवली होती.

"गुहेतलं. तुमच्या."

"ते पुस्तकात नाही."

"पुस्तक झालं ना काल. पुस्तकाले कोन इचारते?"

सुमित्राबाईंनी हात धुतले, उगाचच. मग आत उजेड कुठून येत होता, तिथपासून धरलं. आवाज आधी साधाच होता. मग दार कुरकुरलं, तसा कापरा झाला. अर्ध्यात वीज आली, आणि पलीकडच्या रिकाम्या घरात सिरियल आपली आपण मोठ्यानं बोलू लागली.

अंजू म्हणाली, "मावशी, टीव्ही सुरू झाला तुमचा."

"बोलू दे त्याले," तानाबाई म्हणाली. "तुमी सांगा."