साउंड कार्ड आणि बायकोचा गळा

थकलो बुवा या साउंड कार्डाच्या वादाला. जो येतो तो म्हणतो, आता कॉम्प्युटरच्या आत कार्ड कोण बसवतं?

ब्रह्मपुरीत माझी रेकॉर्डिंगची एक खोली आहे. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या हंगामात झाडीपट्टीतल्या नाटकांच्या जाहिराती इथं भरायच्या आणि जीपवर भोंगा लावून गावोगाव वाजवायच्या, हा आपला धंदा. भोंग्याला काय कळतं आवाज कुठून आला ते! जुनं कार्ड मला पुरत होतं. त्यातून बारीक घूं यायची. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकला की ती वाढायची, मग खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं. आमच्याकडं सगळेच ओततात, कोणाला त्यात नवल वाटत नाही.

या मे महिन्यात मात्र काम घरचं निघालं. माझी बायको लग्नाआधीपासून नाटकात गाते. तिच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि आवाज बदलू शकतो, जाऊही शकतो, हेही सांगून टाकलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "जायच्या आधी माही नांदी भरून ठेवा जी."

भरायला घेतली. खड्ड्यात पाणी ओतलं, पंखा बंद केला, खोलीची भट्टी झाली, पण घूं काही जाईना. तिच्या नाटक मंडळीतला ऑर्गनवाला तिला भेटायला आला होता, तो वैतागला.

"भाऊ, काऊन त्या कार्डाले चिपकून बसले? कॅबिनेटात पंखा, सप्लाय, सारा कालवा. त्याच्या मांडीवर आवाज बसवान तं घूं येनच ना! बाहेरून लावाचा कार्डाचा डब्बा भेटते, तो घ्या, लॅपटॉपले लावा, बॅटरीवर चालवा."

"मंग कार्ड का फेकून देऊ?"

"जाहिरातीले राहू द्या ना. वहिनीच्या गळ्यासाठी नोको."

त्याचं बरोबर होतं, म्हणून मी जास्तच चिडलो. पण मुकाट्यानं त्याचाच डबा मागून आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा गायली. घूं औषधालाही नव्हती. तिनं हेडफोन कानाला लावला आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. वरच्या सुरावर चढताना आवाज फाटत होता. मीही ऐकलं. मग गेल्या हंगामात जाहिरातीसाठी भरलेला तिच्या नांदीचा तुकडा काढून लावला. तिथंही आवाज फाटत होता, फक्त घूंखाली दबला होता. इतके महिने आम्हा दोघांना पत्ता नाही!

मी लगेच थाप मारली. "डब्ब्याची सेटिंग चुकली असन. आपण जुन्या कार्डावरच घेऊ. तिथी तुहा आवाज गोड येते."

"तिथी लपते म्हणा ना," ती म्हणाली.

इतका थकवा मला कधीच आला नव्हता. हे रेकॉर्डिंग पुसून टाकावं, तिला पुन्हा ऐकूच देऊ नये, असं वाटलं आणि माझा हात माउसकडे गेला. तिनं तो धरला.

"पुसू नोका जी. ऑपरेशन झाल्यावर एवढा बी आवाज नसन तं?"